महासत्तेचा काटा

७ फेब्रुवारी १९९४, सोमवार

आज दुपारी साडेतीन वाजता ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून भारत महासत्ता व्हायला निघाला. मी हजर होतो. चहा होता आणि माणशी एक वेफर्सची पुडी.

धाकट्या साहेबांनी सगळ्यांना मोठ्या शेडमध्ये जमवलं. खुर्च्या फक्त ऑफिसवाल्यांना. मला मिळाली, म्हणजे मी अजून ऑफिसवाला आहे. साहेब परवाच जर्मनीहून आलेत. म्हणाले, "आपला देश तरुण आहे. आता दारं उघडली आहेत. जपान राखेतून उठला तो कशाच्या जोरावर? शिस्तीच्या! उद्याची महासत्ता आपण आहोत." देश माझ्याहून दीड वर्षाने लहान. तो तरुण असेल तर मीही फारसा म्हातारा नाही, हा हिशोब मला आवडला.

आमची भारतोदय इन्स्ट्रुमेंट्स प्रेशर गेज बनवते. बॉयलरवर घड्याळासारखी गोल तबकडी असते ना, आत वाफेचा दाब किती झाला ते काट्याने दाखवणारी, ती. थोरल्या साहेबांनी कंपनी काढली तेव्हा ते स्वतः तबकड्या रंगवायचे म्हणतात. धाकटे साहेब भाषणं रंगवतात.

तर आता कंपनी आयएसओ नऊ हजार हे दर्जाचं परदेशी सर्टिफिकेट घेणार. नऊ हजार काय, ते कोणी विचारलं नाही. मी तर मुळीच नाही, कारण पुढच्याच वाक्यात साहेब म्हणाले, "आणि हे काम आपले केळशीकर बघतील. आजपासून ते मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह." बावीस वर्षं स्टोअर्समध्ये नटबोल्ट मोजले, आज देवाने (आणि जर्मनीने) माझ्याकडे पाहिलं.

घरी शीलाला सांगितलं. ती पोस्टात आहे, त्यामुळे कुठल्याही बातमीने दचकत नाही. म्हणाली, "मग स्टोअर्स कोण बघणार?"

"त्याची पद्धत मी लिहून ठेवणार. कुणीही बघेल."

"कुणीही?" एवढंच म्हणाली आणि कुकर लावला.


१८ फेब्रुवारी

आयएसओचा मंत्र सोपा आहे: जे करता ते लिहा, जे लिहिलं ते करा. गीता यापेक्षा बरीच लांबलचक आहे.

आठवड्याभरात तेवीस कामांच्या पद्धती लिहिल्या. गेटवर सही कशी घ्यावी, चहा किती वाजता यावा, कचरा कुठे टाकावा. कचऱ्याच्या फॉर्मला नंबर चार मिळाला. गंगुबाई पंधरा वर्षं शेड झाडते, तिला तिच्या कामाची पद्धत वाचून दाखवली, तर म्हणाली, "साहेब, एवढं सगळं मी करते व्हय?" डोळ्यांत कौतुक होतं. माणसाला स्वतःची किंमत कळली पाहिजे, ती अशी.


२ मार्च, बुधवार

आज दामाजीकडे गेलो. टाळत होतो.

दामाजी चेंदणी कोळीवाड्यातला. वय चौपन्न. गेजमध्ये सगळे भाग जोडून झाले की शेवटी काटा बसवायचा आणि तपासायचा, ते काम तीस वर्षं त्याच्याकडे. टेबलावर तेलाचा पंप असतो, त्यावर ठराविक वजनं ठेवली की ठराविक दाब तयार होतो. काटा बरोबर त्या आकड्यावर आला पाहिजे. दामाजीच्या जिभेवर 'ळ' कधी बसला नाही, पण काटा बसतो. मला तो पहिल्या दिवसापासून 'केलशीकर' म्हणतो आणि अरेतुरे करतो. मी त्याला अहोजाहो करतो. हे असं का, ते कुठल्याच पद्धतीत बसत नाही.

"दामाजीभाऊ, तुम्ही जे करता ते मला सांगा. मी लिहून घेतो."

"कशाला?"

"तुमचं ज्ञान राहावं म्हणून."

"ते कं पलून चाललंय?"

शेवटी स्टूल ओढून बसलो. त्याने वजन ठेवलं, काटा सरकत चारावर आला. तो नुसता बघत राहिला. मग काचेवर नखाने टिचकी मारली. परत बघितलं. गेज डावीकडच्या पेटीत टाकलं. डावीकडची पेटी नापासांची.

"यात काय वाईट होतं? चारावरच तर आहे."

"आता हाय. टिचकीच्या आधी नव्हता. केसभर मागं होता. आतमंदी कायतरी घासतंय. आज केसभर, उद्या बोटभर."

मी लिहिलं: आधी बघणे. टिचकी. नंतर बघणे. विचारलं, "एकाच काट्याकडे दोनदा कशाला बघायचं?"

"तू बायकोकडं एकदाच बघतस कं?"

आजूबाजूचे हसले. मीही हसलो. कामगारांशी मिळूनमिसळून राहावं लागतं.


९ मार्च

दामाजीचं काम लिहून अकरा पानं झाली. साहेबांनी तराजूत धरावीत तशी हातात धरली. "केळशीकर, कादंबरी नको. एक पान करा. फ्रेम करून टेबलासमोर लावायचं आहे."

रविवारभर बसून एक पान केलं. अभिमानाने लिहितो, जमलं. पुनरुक्ती काढली की भाषा कशी सुटसुटीत होते! आधी बघा, टिचकी मारा, मग बघा, या तीन वाक्यांचं मी एक केलं: 'काचेवर टिचकी मारून काटा वाचावा.' शाळेत सारांशलेखनात मला नेहमी पैकीच्या पैकी असत.

सगळ्या कामांचा एक तक्ताही केलाय. त्यात प्रत्येक कामापुढे एक रकाना आहे: नव्या माणसाला हे शिकायला किती काळ लागेल? दामाजीला विचारलं होतं. म्हणाला, "मना अजून बरोबर जमत नाय." मी तीस वर्षं लिहिलं. साहेबांनी खोडून तीन आठवडे केलं. माणसाच्या बुद्धीवर इतका दांडगा विश्वास असलेला मालक मी पाहिला नाही.


१९ एप्रिल

परदेशात कुठेतरी शंभरावर देशांनी व्यापाराच्या करारावर सह्या केल्या, त्यात आपणही आहोत. पेपर दोन्ही बाजूंनी रडतोय. आमच्याकडे मात्र काम चालू.

आज दोन माणसं टेप आणि तिवई घेऊन आली. साहेब म्हणाले, लेआउट अद्ययावत करायचा आहे. मी मदत केली. टेपचं टोक धरून कंपनीभर फिरलो. शेड मोजली, कँटीन मोजलं, कुंपणाच्या चारही बाजू मोजल्या. समोरच्या रस्त्याची रुंदीही मोजली आणि पाण्याची लाइन कुठून येते ते विचारलं. एकाने सहज विचारलं, "इथे सात मजल्यांना परवानगी मिळते ना?" मला नक्की माहीत नव्हतं. पण एक कबूल करावं लागेल, आयएसओवाले फार बारकाईने बघतात.


२३ मे, सोमवार

विश्वसुंदरी आपली झाली! कंपनीत पेढे. आता जगात आपल्याला मिळायचं राहिलंय ते फक्त प्रेशर गेजचं सर्टिफिकेट.

दामाजीच्या टेबलाशेजारी आणखी दोन टेबलं लागली. कंत्राटावर तिघे आलेत. त्यातला पोपट नावाला जागतो. भिंतीवरचं पान त्याला तोंडपाठ आहे. शब्द न शब्द माझा! ऐकून अंगावर मूठभर मांस चढलं.

आणि निकाल बघा. दामाजी शंभरातली दहा-बारा गेज नापास करायचा. या तिघांच्या हातून जेमतेम एक नापास होतं. त्याचा मी आलेख काढला. रेघ अशी खाली आलीय, जणू घसरगुंडी. साहेबांनी तो केबिनबाहेर लावला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. तीस वर्षांत कोणाला जे सुचलं नाही ते एका फ्रेमने केलं.

दामाजी आलेखासमोर बराच वेळ उभा होता. मला म्हणाला, "केलशीकर, नापास माल गेला कुठं?"

"आता बनतच नाही."

"कोनी बनवायचा थांबवला? भाग तेच, जोडनारी मानसं तीच."

"पद्धत सुधारली, दामाजीभाऊ."

त्याने माझ्याकडे बघितलं. दोनदा बघितलं.


२८ जून

नोटीस लागली. स्वेच्छानिवृत्ती. काय गोड शब्द आहे! ऐकूनच निवृत्त व्हावंसं वाटतं. नोटिशीखाली एकेचाळीस जणांची यादी, ज्यांनी स्वेच्छा करायची आहे त्यांची.

गंमत म्हणजे, नावं माझ्या तक्त्यातून उचललेली दिसतात. शिकायचा काळ तीन आठवडे किंवा कमी असलेले सगळे. दामाजी आहे, गंगुबाई आहे. हा योगायोगच असावा. यादी करायला साहेबांना काहीतरी तयार कागद हवा असणार, हाताशी माझाच होता.

आज कँटीनमध्ये माझ्या टेबलावर कोणी बसलं नाही. जेवण निवांत झालं.

शीला म्हणाली, "त्या तक्त्यात तुमचं नाव कितव्या नंबरला आहे?"

"माझं कसं असेल? तक्ता मीच केलाय ना!"

तिने पोळी वाढली. पोस्टात राहून माणसं संशयी होतात.


१२ ऑगस्ट, शुक्रवार

आज जे झालं ते नीट लिहायचं ठरवलंय.

दामाजीचे शेवटचे दिवस. चाळीस गेजचा लॉट तयार आहे. डोंबिवलीच्या एका रंगाच्या कारखान्याला मोठा हिस्सा, बाकी थोडी थोडी इतरांना. तपासणीच्या कागदावर सीनियर म्हणून दामाजीची सही हवी. त्याने पेन खाली ठेवलं.

"मी नाय करनार."

"का?"

"पोपट, तुजं एक पास गेज दे." त्याने ते टेबलावर लावलं. वजनं ठेवली, सहाच्या दाबाची. "केलशीकर, टिचकी मारू नको. निस्ता बघ."

काटा साडेचारावर उभा होता.

"आता मार."

मी टिचकी मारली. काटा उडी मारून सहावर गेला. पोपट खूश होऊन म्हणाला, "बघा साहेब, बरोबर आहे!"

"बॉयलरवर कोन टिचकी मारत बसनार?" दामाजी म्हणाला. आवाज चढवला नाही. "तिथला मानूस लांबून बघतो. साडेचार दिसलं की आनखी वाफ सोडतो. मी तुला दोनदा बघ बोललो होतो. तू लिवलंस एकदा."

भिंतीवर फ्रेम होती. वाक्य माझं होतं, सुटसुटीत.


१४ ऑगस्ट

रविवार, पण साहेब झेंडावंदनाच्या तयारीसाठी कंपनीत होते. त्यांच्याकडे गेलो. सोबत फॉर्म नंबर सतरा: 'कागदपत्रात बदलाची विनंती'. हा फॉर्म मीच तयार केलाय आणि तो भरायची पहिली वेळ माझ्यावरच आली. लिहिलं, पान बदलावं, लॉट परत तपासावा.

साहेबांनी शांतपणे वाचलं. "केळशीकर, सप्टेंबरात आयएसओचं ऑडिट आहे. आता पान बदललं तर याचा अर्थ आधीचं पान चुकीचं होतं. मग मार्चपासूनचा सगळा माल चुकीचा. मग तुमचा आलेख चुकीचा."

"पण साहेब, काटा..."

"एका रिटायर होणाऱ्या माणसाचा राग आहे तो. ऑडिट झालं की पहिलं काम तुमच्या फॉर्मचं. शब्द देतो. आणि उद्याच्या झेंडावंदनाचं भाषण लिहिलंत? तरुण राष्ट्र महासत्ता कसं होतं, यावर पाच मिनिटं."

दामाजीच्या जागी लॉटवर मी सही केली. कारणं अशी: एक, साहेबांनी शब्द दिलाय. दोन, गिऱ्हाईक स्वतःही तपासत असेलच. तीन सुचत नाहीये.

मग भाषण लिहिलं. चांगलं झालंय.


२७ सप्टेंबर

सुरतेत प्लेग. ठाण्यात माणसं नाकाला रुमाल बांधून फिरतायत, औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लीन गायब. परदेशी विमानांनी इकडे यायचं बंद केलं, त्यामुळे जर्मन पाहुण्यांनी दौरा रद्द केला आणि ऑडिटही पुढे गेलं. जपान राखेतून उठला. आम्हाला उंदराने बसवलं.

फॉर्म सतराची आठवण केली. साहेब म्हणाले, "ऑडिट होऊ द्या." ऑडिट पुढे गेलं म्हणजे फॉर्मही पुढे गेला. पद्धतीला धरूनच आहे.


खंडेनवमी

दरवर्षी आज यंत्रांची पूजा असते. दामाजी टेबलाला स्वतः झेंडू बांधायचा. यंदा यंत्रांबरोबर क्वालिटी मॅन्युअलचीही पूजा करायची कल्पना साहेबांची. पाटावर चार खंड मांडले, हळदकुंकू वाहिलं, नारळ मी फोडला. पाणी उडून दुसऱ्या खंडाचं पहिलं पान भिजलं.

संध्याकाळी टेंभी नाक्याच्या देवीला गेलो. रांगेत दामाजीची बायको आवडाबाई भेटली. "कं चाललंय दामाजीभाऊंचं?" मी तिच्याच सुरात विचारायला गेलो. ती हसली नाही. म्हणाली, "घरातली घड्यालं खोलून बसतोय. हाताला काम पायजे ना." मग माझ्या पुढे उभी असून मला पुढे जाऊ दिलं. तेवढ्या गर्दीत मला ते फार लागलं. का, ते कळलं नाही.


२२ नोव्हेंबर, मंगळवार

ऑडिट झालं. ऑडिटर टाय लावलेला, गोड बोलणारा गृहस्थ. कचऱ्याचा फॉर्म नंबर चार बघून तर भारावला.

मग पोपटच्या टेबलाशी थांबला. "तुम्ही काम कसं करता?" पोपटने पान म्हणून दाखवलं, स्वल्पविरामासकट. ऑडिटरने भिंतीवरच्या पानाशी ताडून बघितलं.

"आणि काटा अडकला तर?"

"अडकत नाही सर."

"का बरं?"

"टिचकी मारतो ना!"

ऑडिटरने 'समाधानकारक' लिहिलं. मी तीन पावलांवर होतो. तोंड उघडायला तीन पावलं फार नव्हती. माझ्या हातात त्याच्यासाठी आणलेला नारळपाण्याचा ग्लास होता, तो मी पुढे केला.


१७ डिसेंबर

सर्टिफिकेट आलं. सोनेरी चौकट, खाली तीन सह्या. समारंभ हॉटेलात. साहेबांनी भाषण केलं (माझंच, ऑगस्टमधलं, तारखा बदलून). शेवटी माझ्या कागदात नसलेलं एक वाक्य बोलले: कारखाना मार्चपर्यंत सिल्वासाला जाणार. तिथे करात सवलत आहे. इथल्या जागेवर सात मजली 'भारतोदय हाइट्स'.

टाळ्या पडल्या. मीही वाजवत होतो. मध्येच मला ते टेपचं टोक आठवलं आणि हात थांबले.


३० डिसेंबर, शुक्रवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. चहा मागवला तेव्हाच समजायला हवं होतं.

"केळशीकर, तुम्ही इतकी सुंदर सिस्टिम उभी केलीत, की आता तिला कुठल्याही एका माणसाची गरज उरलेली नाही. हेच तुमचं यश."

पाकीट दिलं. माझीही स्वेच्छा झाली होती. फॉर्म सतराबद्दल विचारलं. म्हणाले, "तो आता सिल्वासाची टीम बघेल."

खरं सांगायचं तर 'सुंदर' शब्दाने क्षणभर छाती फुगली. जिन्यात येईपर्यंत फुगलेली होती.

घरी शीलाला पाकीट दाखवलं. माझ्या डब्यातली भाजी तशीच परत आली होती, ती तिने गरम करून मला वाढली आणि समोर बसून राहिली.


११ जानेवारी १९९५, बुधवार

सकाळी अकराला दारात दामाजी. चेंदणीहून डोंबिवलीला, पहिल्यांदाच माझ्या घरी. हातात पिशवी. पाणीसुद्धा घेतलं नाही. पिशवीतून एक गेज काढून टेबलावर ठेवलं.

"यो दुरुस्तीला आला माज्याकडं. रंगाच्या कारखान्यातून. मांगं बघ."

मागे तपासणीची चिठ्ठी. एच. के. केळशीकर. वळणदार सही.

"तिकडं अशी लई हायत. तुज्या घरापासून रिक्षानं धा मिनटं. चल."

"मी आता कंपनीत नाही, दामाजीभाऊ. मला कोण आत सोडणार?"

"तुजी सही आत हाय ना?"

चप्पल घातली. खिशात जुनं कार्ड होतं, आयएसओ छापलेलं. गेटवरच्या वॉचमनने ते वाचून सलाम ठोकला. त्या कार्डाचा एवढा एकच उपयोग झाला.

आत विश्राम नावाचा ऑपरेटर होता. एक मोठं बंद भांडं, त्यात वाफेवर रंग शिजतो. वर आमचं गेज, काटा चारावर. विश्राम म्हणाला, "आज तापायला वेळ लावतंय. सकाळपासून वाफ वाढवतोय, चाराच्या पुढे जाईना." आणि हात चाकाकडे नेला, आणखी वाफ सोडायला.

दामाजीने त्याचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने काचेवर टिचकी मारली.

काटा साडेसातावर गेला. सातावर लाल रेघ असते.

मग विश्रामने चाक उलटं फिरवलं, पूर्ण बंद होईपर्यंत, आणि तिथेच खाली बसला. म्हणाला, "पलीकडे आमची पाच माणसं डबा खातायत." वर दुसरी झडप असते ना, जादा वाफ सोडणारी, असं मी विचारलं. ती महिनाभर गळत होती म्हणून दट्ट्या ठोकून बंद ठेवली होती. गेज नवीन होतं ना, सर्टिफिकेटवाल्या कंपनीचं. म्हणून कोणाला काळजी नव्हती.

त्या कारखान्यात आमची चौदा गेज निघाली. पाच अडकणारी. मॅनेजर आधी चिडला. पाचवं बघितल्यावर मात्र त्याने चौदाच्या चौदा उतरवून घेतली.

बाहेर टपरीवर चहा घेतला. दामाजी म्हणाला, "बाकीची कुठं गेली?"

कागद माझ्याकडे एकही नाही. पण बावीस वर्षं स्टोअर्समध्ये काढली आहेत. कुठला माल कुठे गेला ते मला झोपेत विचारलं तरी येतं. माझ्या सहीचा तो लॉट कुठे गेला ते सांगितलं: इथेच एमआयडीसीच्या फेज दोनमध्ये दोन ठिकाणी, मोहन्याला एक, अंबरनाथला एक.

"यो कंच्या पानावर हाय?"

"कुठल्याच नाही."

दामाजी पहिल्यांदा हसला. बशीतला चहा संपवला आणि रिक्षा थांबवली.


१६ जानेवारी, सोमवार

डोंबिवलीचे दोन्ही कारखाने झाले. एकाने आभार मानले, एकाने 'कंपनीकडून पत्र आणा' म्हणून हाकललं. त्याच्या फोरमनला दामाजीने गाठून पटवलं. मोहन्याला सहा उतरवली. साहेबांना मी पत्र टाकलंय, रजिस्टर्ड. शीलाने स्वतः शिक्का मारला, म्हणाली, "हे तरी पोहोचेल." उत्तर येणार नाही हे मलाही माहीत आहे. कंपनीच्या पत्त्यावर पोपटच्या नावानेही एक टाकलं. त्यात एकच ओळ आहे आणि या वेळी ती लहान केलेली नाही.

आज अंबरनाथ. इथे कार्ड चाललं नाही. कंपनीला फोन करून विचारलं असणार, वॉचमन म्हणाला, "साहेब बोलले, असे कोणी केळशीकर आमच्याकडे नाहीत." खोटं नव्हतं.

मी म्हटलं, आता काय. दामाजी म्हणाला, "तीन वाजता पाली सुटंल. बस." गेटसमोरच्या दगडावर दोन तास बसलो. आवडाबाईने दिलेली भाकरी आणि सुकटीची चटणी होती. आमच्या घरात सुकट चालत नाही. खाल्ली. बरी लागते.

तीनला भोंगा झाला, माणसं बाहेर आली. दामाजी उभा राहून मोठ्याने ओरडला, "बॉयलरवाले कोन हायत?" सात-आठ जण थांबले. त्याने माझ्या हातात गेज दिलं आणि त्यांना समजावू लागला. आधी निस्ता बघा. मंग टिचकी. मंग परत बघा. हलला तर त्यावर इश्वास ठेवू नका, वाफ बंद करा, कोन कायबी बोलंल. एकाने परत विचारलं, त्याला परत सांगितलं. मी गेज वर धरून उभा होतो, शाळेतल्या नकाशासारखं.

त्यांच्यातला एक वयस्क माणूस आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाला, "तुम्हाला कंपनीने पाठवलं?"

"नाय."

"सरकारने?"

"नाय."

"मग तुम्ही कोण?"

दामाजीने माझ्याकडे बोट केलं. "यानं सही केली. मी नाय केली."

मी मान हलवली. दुसरा कोण होतो मी? गेज पुढच्या माणसाच्या हातात दिलं. त्याने आधी नुसतं बघितलं.